अकरा नंबरची हिरवी जेली

“सिस्टर, अकरा नंबरच्या फायलीत एक वॉकर आहे, आणि तो जेली खातोय.”

हे वाक्य फोनमधून आलं. आमच्या वॉर्डच्या काउंटरवरचा फोन जुना आहे. त्यातून पलीकडच्या माणसाचा आवाज इतका मोठा येतो की रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरावा लागतो. त्यामुळे तळघरातल्या रेकॉर्ड रूमचे क्लार्क आमच्या इन्चार्ज सिस्टरना जे सांगत होते, ते मला, माझा हात धरून उभ्या असलेल्या सात नंबरच्या बाईंना आणि फरशी पुसणाऱ्या मावशींना एकदमच कळलं.

“वॉकर कसा जेली खाईल?” सिस्टर म्हणाल्या.

“ते मी कसं सांगू? लिहिलंय तसं वाचतोय. ‘मी वॉकर बोलतोय’ अशी सुरुवात आहे. पुढे जेली आहे. खाली तुमची सही आहे.”

“माझी सही आहे?”

“सही, तारीख, वेळ. सगळं आहे.”

“मग बरोबरच असेल,” सिस्टर म्हणाल्या.

“अहो, पण त्या आजी आज चारला येणारेत. पूर्ण फायलीची कॉपी मागितलीय त्यांनी. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.”

माझे पाय जागच्या जागी थांबले. सात नंबरच्या बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. चार दिवसांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांना चालवायचं काम माझं होतं.

“दुखतंय का गं तुला?” त्यांनी विचारलं. “बसतेस का जरा?”

मी मान हलवली. तो वॉकर मी होते.

मी मुलुंडला राहते आणि घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. तिसरा मजला, हाडांचा वॉर्ड. ज्यांना उठायचं नसतं त्यांना उठवणं हे माझं काम. माझ्यासारख्या मुलीने हे काम का निवडलं असं घरी सगळे विचारतात, कारण पाहुणे आले की मी अजूनही आतल्या खोलीत जाते. लोकांना वाटतं फिजिओला खूप बोलावं लागतं. तसं काही नसतं. ‘उठा’, ‘श्वास सोडा’, ‘पुढचा पाय’, ‘बसा’ एवढ्यावर माझा दिवस निघतो. बाकीचं पेशंट बोलतात. मी ऐकते, आणि ऐकताना त्यांचे गुडघे वाकवते.

माझी शाळा इंग्लिश मीडियमची. मराठी विषय होता, पण मराठीत लिहायचं म्हणजे निबंध लिहायचा एवढंच मला माहीत. आणि निबंध म्हणजे ‘मी नदी बोलतेय’, ‘मी फाटकी छत्री बोलतेय’, ‘मी पिशवी बोलतेय’. नदीपासून पिशवीपर्यंत सगळ्यांच्या वतीने मी बोलले आहे. माझ्या वतीने बोलायचा प्रश्न पेपरात कधी आलाच नाही.

तो प्रश्न आला तो आमच्या मेट्रनबाईंमुळे. त्या वर्षात वॉर्डात बरंच काही होऊन गेलं होतं. दोन सिस्टर नोकरी सोडून गेल्या होत्या, आणि एक जण लिफ्टमध्ये रडताना सापडली होती. सापडली म्हणजे, ती तळमजला ते पाचवा असा सहा वेळा प्रवास करून आली होती आणि लिफ्टमनने शेवटी विचारलं होतं, “मॅडम, कुठल्या मजल्यावर रडायचंय?” मेट्रनबाईंना हे कळल्यावर त्यांनी एक वर्ग ठरवला. बुधवारी दुपारी अडीच ते सव्वातीन, आमच्या फिजिओच्या खोलीत, सर्वांनी मनातलं लिहायचं. शिकवायला बोरिवलीहून एक मॅडम आल्या. खांद्याला कापडी पिशवी, आवाज इतका मऊ की पहिली पाच मिनिटं मावशींना वाटलं त्यांचा घसा बसलाय. त्यांनी जाऊन कोमट पाणी आणून दिलं.

मॅडम म्हणाल्या, “गेल्या काही दिवसांतला एखादा प्रसंग आठवा. तुम्हाला जड गेलेला. तो लिहा. पेन उचलू नका, विचार करू नका. तुमचं लिहिलेलं कोणी वाचणार नाही. वाटलं तर शेवटी कागद फाडून टाका.”

इन्चार्ज सिस्टरनी हात वर केला. त्या गोराईहून येतात, सकाळची पहिली बोट पकडून, आणि एकोणीस वर्षांत एकदाही उशिरा आलेल्या नाहीत. “मॅडम, कागद फाडता येणार नाही.”

“नाही, म्हणजे तुम्हाला मोकळं वाटावं म्हणून.”

“मोकळं वाटू दे. पण कागद फाडायचा नाही. उद्या कोणी विचारलं तर?”

“कोण विचारेल?”

“कोणीही,” सिस्टर म्हणाल्या. सगळ्या जणींनी माना डोलावल्या.

मॅडमना हे कसं कळावं? आमच्याकडे जे लिहिलं नाही ते घडलेलं नसतं, आणि जे लिहिलं ते कायमचं असतं. औषध दिलं, लिही. ताप बघितला, लिही. चूक झाली तर खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. चुकीच्या शब्दावर एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. अशा बायकांना मनातलं लिहायला सांगितल्यावर जे व्हायचं ते झालं. माझ्या शेजारी बसलेल्या सिस्टरचा कागद मला दिसत होता. बघायचा नव्हता, पण माझी नजर अशा ठिकाणी आपोआप जाते. त्यावर असं होतं:

‘१४.४० – रडू आले. १४.४२ – पाणी प्यायले. १४.४५ – रडू थांबले. डॉक्टरांना कळवले नाही. पुढील पाळीस सांगितले.’

पलीकडच्या मुलीने ‘मला त्यांची खूप भीती वाटते’ असं लिहून ‘खूप’वर एक सरळ रेघ मारली होती आणि बाजूला सही केली होती. मावशींनी लिहिलं नाही, त्या सांगत होत्या आणि एक सिस्टर लिहून घेत होती. “लिही, माझ्या मनात काय नाय. लिही, पण त्या पाच नंबरच्या पोराने मला म्हातारी म्हटलं ते मी विसरणार नाय.”

मॅडमनी सांगितलं होतं की कागदाच्या वर प्रसंगाची जागा लिहा, म्हणजे सुरुवात सोपी जाते. त्यांना बहुतेक नदीचा काठ, घराची गच्ची असं काही हवं होतं. आम्ही सगळ्यांनी बेड नंबर लिहिले. मी लिहिलं, ‘११’.

अकरा नंबर म्हणजे एक आजोबा. आदल्याच दिवशी ते गेले होते.

ते वजनमापं खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. दुकानादुकानात जाऊन तराजू तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. घरी पडून खुबा मोडला होता. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, “पाच मिनिटं चालू या.” चाललो. बसल्यावर त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

“साडेतीन मिनिटं झाली,” ते म्हणाले. “दीड मिनिट मारलंस.”

मी वॉकर भिंतीशी लावून ठेवला.

“कुठल्या दुकानदाराने एवढं कमी दिलं असतं ना, तर मी दुकानाला सील ठोकलं असतं. तू पोरगी आहेस म्हणून सोडतो.”

दुसऱ्या दिवसापासून मी रोज दुपारी चारला जायची. म्हणजे चार सांगून चार वाजून तीन मिनिटांनी, कधी पाच मिनिटांनी. त्यांच्या उशाखाली एक बारीक वही असायची. तिच्या कडेला दोऱ्याने पेन बांधलेलं. मी आले की ते आधी वही काढायचे, घड्याळ बघायचे, लिहायचे, मग उठायचे. मी कधी विचारलं नाही काय लिहिता. ते कधी ओरडले नाहीत. फक्त लिहायचे, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

जेलीचं असं झालं. आमच्या हॉस्पिटलात दुपारच्या जेवणाबरोबर एका वाटीत जेली येते. कोणी मागितली होती ते माहीत नाही. आजोबांनी पहिल्याच दिवशी वाटी उचलून डोळ्यांसमोर धरली आणि हलवली.

“ही स्थिर राहत नाही,” ते म्हणाले. “जे काट्यावर स्थिर राहत नाही ते मी खात नाही. घे, तू खा. तू पण बोलताना अशीच हलतेस.”

तेव्हापासून रोज ती जेली मला मिळायची. मी ती खिशात रुमालाखाली लपवून लिननच्या खोलीत नेऊन खायची. कॅन्टीनमध्ये मी जात नाही. तिथे लोक शेजारी बसतात आणि विचारतात, लग्नाचं काय. लिननच्या खोलीत चादरी असतात, त्या काही विचारत नाहीत. ब्लँकेटांच्या गठ्ठ्यावर बसलं की पाय जमिनीला टेकत नाहीत आणि अगदी शांत वाटतं. मावशी सगळ्यांना सांगायच्या, लिननच्या खोलीत उंदीर आहे, वाटीचा आवाज येतो. दोनदा पिंजरा पण लावला होता. तो उंदीरही मीच.

मंगळवारी दुपारी आजोबांनी मला जेली दिली आणि म्हणाले, “आज चारला सगळे येणारेत.”

चार ते सहा ही आमची भेटायची वेळ. त्या दिवशी ते पहिल्यांदा पूर्ण पॅसेज चालून खिडकीपर्यंत जाणार होते, आणि त्यांनी घरच्या सगळ्यांना बघायला बोलावलं होतं. बायको, मुलगा, सून, कुर्ल्याची बहीण, तिचे यजमान, दोन नातू.

“एक नातू व्हिडिओ काढणारे,” ते म्हणाले. “तू माझ्या डाव्या हाताला राहा. तुझा चेहरा दिसला पाहिजे. आणि मी खिडकीशी पोचलो की सगळ्यांना सांग, किती पावलं झाली. मोठ्याने सांग. नेहमीसारखं नको.”

मी मान हलवली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी झाड होते. पुढचं झाड नाही, पुढच्या झाडाच्या मागचं झाड. मला कोणाच्या व्हिडिओत यायचं नव्हतं, आणि सात माणसांसमोर मोठ्याने पावलं तर मुळीच सांगायची नव्हती. चारला दहा मिनिटं असताना मी लिननच्या खोलीत गेले आणि दार लावलं. मी असा हिशोब केला की नातेवाईक येतील, गप्पा मारतील, नातवाचा मोबाइल खिशात जाईल. मग चार वीसला मी हळूच जाईन, आणि उशीर झाला म्हणून आजोबा फक्त वहीत लिहितील.

जेली हिरवी होती. अर्धी खाल्ली तेव्हा वरच्या स्पीकरवर अनाउन्समेंट झाली. तिसरा मजला, बेड अकरा, सगळ्यांनी लगेच या.

मी धावले. पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की चमचा हातातच आहे. पडदा ओढलेला होता. पास असल्याशिवाय खालून सोडत नाहीत, त्यामुळे नातेवाईक अजून लिफ्टच्या रांगेतच होते. पडद्याखालून बेडजवळची फरशी दिसत होती. तिथे त्यांचे पांढरे कॅनव्हासचे बूट नव्हते. म्हणजे ते पायात होते.

रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. असं होऊ शकतं. मी चारला तिथे असते तरी काही बदललं नसतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि नंतर डॉक्टरांनीही सांगितलं. पण बूट घालून वाट बघत बसलेल्या माणसाबद्दल पुस्तकात काही नसतं. कोणी मला विचारलं नाही की तू कुठे होतीस. सगळ्यांना वाटलं दुसऱ्या पेशंटकडे असेन. मी ते तसंच राहू दिलं.

आणि दुसऱ्या दिवशी मऊ आवाजाच्या मॅडम म्हणाल्या, लिहा.

मी कागदावरून पेन उचललं नाही. मला मराठीत एकच प्रकार येतो, तो हाताने आपोआप सुरू केला. ‘मी वॉकर बोलतोय. माझा जन्म ॲल्युमिनियमच्या कारखान्यात झाला. मला चार पाय आहेत, पण मी स्वतःहून कुठेच जाऊ शकत नाही. माणसे मला धरून चालतात, तेव्हा माझे जीवन सार्थकी लागते.’ इथपर्यंत दहापैकी आठ मार्क पडले असते. मग पुढे, ‘मंगळवारी चार वाजता अकरा नंबरचे आजोबा माझी वाट बघत होते. ते बूट घालून बसले होते. मी लिननच्या खोलीत लपून हिरवी जेली खात होते. मी कोणालाच सांगितलेले नाही.’ आणि त्याखाली, सवयीने, माझी सही.

तेवढ्यात सव्वातीन झाले. पाळी बदलायची वेळ झाली, सगळ्या धावल्या. मला सात नंबरच्या आधीच्या सात नंबरसाठी बोलावणं आलं आणि मी कागद मॅटखाली सरकवून गेले. परत आले तेव्हा खोली आवरलेली होती. मॅट गुंडाळलेल्या होत्या. कागद एकही नव्हता.

इन्चार्ज सिस्टरच्या दृष्टीने यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. बेड नंबर टाकलेले, वेळ घातलेली, सही केलेले बारा सुटे कागद. वॉर्डात सुटा कागद दिसला की त्यांचा हात पंचिंग मशीनकडे जातो. त्यांनी प्रत्येकाखाली सही ठोकली, भोकं पाडली, आणि नंबराप्रमाणे त्या त्या पेशंटच्या फायलीत लावून टाकले. वर पान नंबरसुद्धा घातले.

हे गुरुवारी सकाळी कळलं, राउंडला. मोठे सर्जन चार नंबरच्या फायलीची पानं उलटत होते. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या सिस्टरचा चेहरा हळूहळू चादरीसारखा झाला, कारण समोर तिचंच अक्षर होतं. ‘९.१० – मोठे सर सर्वांसमोर ओरडले. मी मनात ओरडले. ९.१५ – सर गेले. मी अजून ओरडत आहे.’ सरांनी त्या पानावर एक नजर टाकली, खाली लिहिलं ‘सेम कंटिन्यू करा’, सही केली आणि पाच नंबरकडे गेले.

वॉर्डात धावपळ उडाली. पण लावलेली पानं काढायला सिस्टर तयार होईनात. “नंबर पडलेत. बावीसनंतर चोवीस आलं तर तेवीस कुठे गेलं म्हणून विचारतील. तुम्हीच सह्या केल्यात ना? मग.” ती चार नंबरवाली सिस्टर पुढे कितीतरी दिवस सांगत होती की सरांनी तिला लेखी परवानगी दिलीय.

माझं पान मात्र कोणाला दिसलं नव्हतं. अकरा नंबरची फाइल त्याच सकाळी तळघरात गेली होती. तिथे गेलेल्या फायली कोणी उघडत नाही असं मी स्वतःला रोज सांगत होते. दोन आठवडे ते खरं होतं.

त्या दिवशी सिस्टरनी फोन ठेवल्यावर मी सात नंबरच्या बाईंना त्यांच्या बेडवर बसवलं आणि जिन्याने तळघरात गेले. क्लार्कनी चष्मा वर केला.

“तुम्ही का वॉकर?”

मी मान हलवली.

“छान लिहिता. पण पान काढता येणार नाही हां. हवं तर एक रेघ मारा, बाजूला ‘चुकून’ लिहा, सही करा.”

त्यांनी फाइल माझ्यासमोर सरकवली. पान सत्तेचाळीस. मी पेन काढलं. रेघ मारून काहीच लपणार नव्हतं हा एक भाग, पण खरी अडचण ‘चुकून’ची होती. त्या पानावर चुकून लिहिलेलं काहीच नव्हतं, ॲल्युमिनियमच्या कारखान्यासकट. मी पेन परत खिशात ठेवलं.

“तसंही कॉपी निघालीय,” क्लार्क म्हणाले. “वर पाठवलीय तुमच्या वॉर्डात. आजींना वरच यायचंय. ती चालवणारी मुलगी असते ना, तिला भेटायचंय म्हणे.”

वर आले तेव्हा पावणेचार वाजले होते. मी सरळ लिननच्या खोलीकडे गेले, दार उघडलं, आणि माझ्या गठ्ठ्यावर इन्चार्ज सिस्टर बसल्या होत्या. मांडीवर डबा. भात आणि सुकटीची चटणी. आमच्या चादरींना कधीकधी मासळीचा वास का येतो हे मला त्या दिवशी कळलं.

“दार लाव,” त्या म्हणाल्या. “वास बाहेर जातो.”

मी लावलं.

“एकोणीस वर्षं मी इथे जेवते. तू आलीस आणि माझी वेळ गेली. तू पावणेदोनला येतेस, पुन्हा पावणेचारला. मला अडीच करावं लागलं.”

“मग आज?”

“आज तू येणार हे माहीत होतं मला.” त्यांनी सरकून जागा केली. मी बसले. दोघींचेही पाय जमिनीला टेकत नव्हते.

“तुम्ही वाचलं होतं?” मी विचारलं.

“बारा कागद होते. कोण वाचत बसतंय.” त्यांनी एक घास खाल्ला. “पण हिरवी कशाला खायची? लाल बरी असते.”

हिरवी हे फक्त त्या कागदावर होतं.

थोडा वेळ त्या जेवल्या. मग म्हणाल्या, “मी होते तिथे. बूट बांधायला म्हाताऱ्याने मलाच खाली बसवलं. डबल गाठ मार म्हणे, आज लांब जायचंय. मी म्हटलं, पोरगी येईल एवढ्यात. तर म्हणाला, घाई नाही, तिला सहा मिनिटांची सूट आहे.”

“कसली सूट?”

“वजनामापात असते म्हणे. थोडं इकडेतिकडे चालतं, कायद्यातच असतं. तिला मी सहा मिनिटं दिलीत, म्हणाला. आणि मग खोकला आला. चार वाजून पाच मिनिटं. मी वेळ बघितलीय.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “तुझी सूट संपली नव्हती.”

मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. “पण मी चार वीसला येणार होते,” मी म्हटलं.

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. “मग मला काय सांगतेस? मी काय त्याची बायको आहे? ती बाहेर बसलीय.”

आजी पॅसेजच्या टोकाला, खिडकीखालच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर फायलीची कॉपी. प्रत्येक पान त्या बोटाने ओळीओळीने वाचत होत्या आणि वाचून झालं की पालथं घालत होत्या. मी उभी राहून मोजलं, अजून तीनचार पानं बाकी होती.

“ये गं, तूच ना ती? बस,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरांचं अक्षर काय हे. पण आम्हाला पूर्ण फाइल लागते. आमच्याकडे यांच्या शाळेच्या दाखल्यापासून सगळं लावून ठेवलेलं आहे. एक कागद कमी असला तर यांना झोप यायची नाही.”

मी बसले.

“तुझ्याबद्दल घरी रोज फोनवर ऐकायचो आम्ही. आज दीड मिनिट मारलं, आज पाऊण मारलं, आज पूर्ण दिलं.” त्या हसल्या आणि पर्समधून ती बारीक वही काढली. दोऱ्याला बांधलेलं पेन अजून होतं. “हे बघ.”

पानावर माझं कोष्टक होतं. डावीकडे तारीख, उजवीकडे वेळ. ४.०३. ४.०५. ४.०१, आणि त्याच्यापुढे छोटीशी बरोबरची खूण. ४.०६. खाली मंगळवारची तारीख होती, आणि तिच्यापुढचा रकाना रिकामा होता.

“तारीख सकाळीच घालून ठेवायचे,” आजी म्हणाल्या. “आम्ही खाली रांगेत अडकलो, वर आलो तोवर सगळं झालंच होतं. पण असा रिकामा रकाना असलेली वही मी घरी कशी ठेवू? त्यांना चालायचं नाही. म्हटलं तुलाच विचारावं.” त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि वही गुडघ्यावर नीट धरली. “सांग, त्या दिवशी किती वाजता आलीस तू?”

चार वाजून पाच म्हटलं असतं तर त्यांनी लिहून घेतलं असतं. सहा मिनिटांच्या सुटीतही बसलं असतं. वही बंद झाली असती, आणि सत्तेचाळीस नंबरचं पान कदाचित त्यांनी घरी जाऊन वाचलं असतं, वॉकरचा काहीतरी विनोद म्हणून सोडूनही दिलं असतं. सात नंबरच्या बाई त्यांच्या बेडवरून मान वाकडी करून आमच्याकडे बघत होत्या. मावशींनी फरशी पुसायचं थांबवलं होतं. सिस्टर काउंटरला येऊन उभ्या होत्या आणि रिकाम्या फोनचा रिसीव्हर कानाला लावून होत्या, या वेळी अगदी जवळ. एकूण चार माणसं. व्हिडिओ कोणी काढत नव्हतं.

“आजी,” मी म्हटलं, आणि माझा आवाज पार खिडकीपर्यंत गेला, “मी आलेच नाही. मी लिननच्या खोलीत लपून त्यांची जेली खात होते. हिरवी.”